बव्हेरियाची भाऊबंदकी

१ डिसेंबर १५०३ रोजी दक्षिण जर्मनीतल्या इंगोलश्टाट गावी ड्यूक गेओर्गने प्राण सोडला. लोक त्याला ‘श्रीमंत गेओर्ग’ म्हणत. लांड्सहूट ही त्याची राजधानी. राइखनहालच्या खाऱ्या झऱ्यांचे मीठ त्याचे, राटेनबेर्गच्या परिसरातली चांदी त्याची, आणि बुर्गहाउझेनच्या किलोमीटरभर लांब किल्ल्यात बापआजोबांनी साठवलेला खजिनाही त्याचाच. नव्हता तो फक्त मुलगा. झालेले मुलगे त्याच्या आधीच गेले होते. उरल्या दोन मुली; त्यातली धाकटी मठात. थोरली एलिझाबेथ. तिच्या नावे गेओर्गने १४९६ मध्येच मृत्युपत्र करून ठेवले होते.

हे मृत्युपत्र उघडले गेले तेव्हा तीन माणसे उभी राहिली आणि तिघांनीही ‘हे माझे’ म्हटले. एलिझाबेथचा नवरा रुप्रेख्त म्हणाला, बापाने आपल्या हयातीत, आपल्या मर्जीने लेकीला दिले आहे. म्युनिकचा ड्यूक आल्ब्रेख्त म्हणाला, आपल्या घराण्यात लेखी करार आहेत; एका शाखेचा पुरुष वारस संपला की मुलूख दुसऱ्या शाखेतल्या पुरुषाकडे जातो, बायकामुलींकडे नाही. आणि जर्मन साम्राज्याचा राजा माक्सिमिलियान म्हणाला, डची ही मुळात कोणाच्या बापाची मिळकत नाही, ती साम्राज्याने दिलेली जहागीर आहे. धनी निपुत्रिक गेला की ती आमच्याकडे परत येते आणि ती कोणाला द्यायची हे आम्ही ठरवू.

यातला कोणीही निव्वळ लुटारू नव्हता. त्या काळच्या कायद्याने पाहिले तर तिघांच्याही म्हणण्यात जोर होता. मध्ययुगातल्या जर्मन ड्यूकांची भांडणे वाचताना हे ध्यानात ठेवले नाही, तर सगळा इतिहास म्हणजे हावरट माणसांची मारामारी वाटू लागते. हाव होतीच. पण हावेला प्रत्येक वेळी एक खरा, कागदावरचा, लोकांना पटणारा हक्क सापडत होता, कारण राज्य म्हणजे नेमके काय, याचेच उत्तर ठरलेले नव्हते. ते घर होते, की करार होता, की सनद होती? बव्हेरियाला या प्रश्नाचे उत्तर मिळायला अडीचशे वर्षे लागली.

सुरुवात ११८० पासून करावी लागते. सम्राट फ्रीडरिख बार्बारोसाने त्या वर्षी हाइनरिख ‘सिंह’ या बलाढ्य ड्यूककडून बव्हेरिया काढून घेतला आणि विटल्सबाख घराण्यातल्या ओटोला दिला. हे घराणे पुढे १९१८ पर्यंत तिथे टिकले. १२१४ मध्ये त्यांना ऱ्हाइनकाठचे फाल्ट्सही मिळाले. हायडेलबर्ग त्याचे मुख्य शहर. एवढी मोठी दौलत हाती आल्यावर दोनच पिढ्यांत वाटणी झाली. १२५५ मध्ये लुडविग आणि हाइनरिख या दोघा भावांनी बव्हेरिया कापला: वरचा बव्हेरिया आणि फाल्ट्स एकाला, खालचा बव्हेरिया दुसऱ्याला. डची ही सम्राटाने दिलेली, ती फोडायची नाही, असा जुना संकेत होता. पण तेव्हा साम्राज्याला धड धनी नव्हता, त्यामुळे विचारणार कोण?

भावांच्या बाजूनेही विचार करून पाहू. सगळे एकाच बापाचे औरस मुलगे, सगळ्यांच्या नावामागे ‘ड्यूक’ हीच पदवी. थोरल्याला सगळे आणि धाकट्याला काहीच नाही, हा तेव्हा उघड अन्याय वाटत असे. शेतकरी आपले वावर वाटतो तसे ते मुलूख वाटत होते, फरक एवढाच की त्या वावरात माणसे राहत होती.

या घराण्यातला सर्वांत मोठा माणूस, सम्राट लुडविग, याने दोन गोष्टी केल्या. १३२९ मध्ये इटलीतल्या पाविया इथे त्याने आपल्या दिवंगत भावाच्या वंशाला फाल्ट्स देऊन टाकले आणि करारात कलम घातले की दोन शाखांपैकी एक बुडाली तर दुसरीने तिचा वारसा घ्यावा. हे कलम विसरू नका. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने मिळेल तिथून मुलूख जमवला: ब्रांडेनबुर्ग, टिरोल, हॉलंड, हेनो. १३४७ मध्ये अस्वलाच्या शिकारीला गेलेला असताना तो वारला. मागे सहा मुलगे. दोनच वर्षांत पुन्हा वाटणी, चार वर्षांनी त्या वाटणीची वाटणी. टिरोल १३६३ मध्ये हाब्सबुर्गांकडे गेले, आणि ब्रांडेनबुर्ग १३७३ मध्ये व हॉलंड पुढच्या शतकात हातचे सुटले. बापाने जन्मभर गोळा केलेले मुलांना आणि नातवंडांना राखता आले नाही.

याच काळात एक संधी बव्हेरियाच्या दारावरून निघून गेली. १३५६ मध्ये सम्राट कार्ल चौथा याने प्रसिद्ध सुवर्णमुद्रांकित फर्मान काढले. राजाच्या निवडीत मत देणारे सात इलेक्टर कोण, हे त्यात कायमचे ठरले. आणि मताला जोडलेला मुलूख फोडायचा नाही, तो थोरल्या मुलाकडेच जाईल, हेही ठरले. विटल्सबाखांचे मत फाल्ट्सच्या शाखेला मिळाले, बव्हेरियाला मिळाले नाही. मान गेला याचे दुःख म्युनिक आणि लांड्सहूटच्या ड्यूकांनी फार केले. माझ्या मते त्यांनी खरे गमावले ते अविभाज्यतेचे बंधन. मत नाही, म्हणून फोडायला मोकळीक; आणि १३९२ मध्ये तीन भावांनी उरलेल्या बव्हेरियाचे पुन्हा तीन तुकडे केले: इंगोलश्टाट, लांड्सहूट आणि म्युनिक. श्ट्राउबिंगची शाखा आधीचीच. म्हणजे एका डचीच्या चार डच्या.

चार चुली मांडल्यावर धूर होणारच. इंगोलश्टाटचा लुडविग ‘दाढीवाला’ हा फ्रान्सच्या राणी इझाबोचा भाऊ. पॅरिसच्या दरबारात वाढलेला ताठा घेऊन तो परतला आणि आपल्याला वाटणीत कमी मिळाले, हे त्याने आयुष्यभर उगाळले. लांड्सहूटच्या हाइनरिखला तो चारचौघांत अनौरस म्हणे. १४१७ मध्ये कॉन्स्टन्सला चर्चची महापरिषद भरली होती, साऱ्या ख्रिस्ती जगाचे डोळे त्या गावावर. तिथेच रस्त्यात हाइनरिखने माणसे घेऊन या चुलतभावावर हल्ला केला आणि त्याला रक्तबंबाळ केले. लुडविग वाचला, पण त्याचा अंत आणखी वाईट झाला. त्याचे प्रेम होते अनौरस मुलावर; औरस मुलगा पाठीत बाक असलेला, तोही लुडविगच. औरस मुलगा भडकला, बापावर चालून गेला आणि १४४३ मध्ये नॉयबुर्गचा किल्ला घेऊन त्याने बापाला कैद केले. दोनच वर्षांत मुलगा वारला. म्हातारा मात्र सुटला नाही. हाती असलेला कैदी ही किमती वस्तू. ती आधी आन्सबाखच्या आल्ब्रेख्त आखिलेसकडे आणि मग पैसे मोजून थेट जुन्या वैऱ्याकडे, लांड्सहूटच्या हाइनरिखकडे पोचली. खंडणी देऊन सुटका करून घ्यायला लुडविगने नकार दिला आणि १४४७ मध्ये तो बुर्गहाउझेनच्या किल्ल्यात मेला. इंगोलश्टाटची डची हाइनरिखने गिळली. लांड्सहूटच्या ‘श्रीमंत’ ड्यूकांची श्रीमंती वाढली ती अशी.

श्ट्राउबिंगची शाखा त्याआधीच, १४२५ मध्ये, निर्वंश झाली होती. तिच्या मुलुखासाठी चार ड्यूक चार वर्षे भांडले. भांडण वाटणी कशी मोजायची याचे होते. शाखांप्रमाणे मोजली तर तीन भाग पडत. डोक्यांप्रमाणे मोजली तर चार, कारण म्युनिकला दोघे भाऊ मिळून राज्य करत होते. १४२९ मध्ये प्रेसबुर्गच्या निवाड्यात डोकी मोजली गेली, आणि दोन डोक्यांच्या म्युनिकला अर्धा वाटा मिळाला, त्यात खुद्द श्ट्राउबिंग शहर आले. म्युनिकचा ड्यूक एर्न्स्ट याने आपला मुलगा आल्ब्रेख्त याला तिथे कारभार पाहायला बसवले.

या आल्ब्रेख्तचे मन आग्नेस बेर्नाउअर नावाच्या मुलीवर बसले होते. ती आउग्सबुर्गच्या एका हमामवाल्याची मुलगी, असे परंपरा सांगते. हमामवाला म्हणजे लोकांना न्हाऊ घालणारा, केस कापणारा, रक्त काढणारा; समाजाच्या उतरंडीत अगदी खालचा. दोघांचे लग्न झाले होते की नव्हते, यावर इतिहासकार अजून भांडतात, पण श्ट्राउबिंगच्या वाड्यात ती धनिणीसारखी वावरत होती यात शंका नाही. बाप एर्न्स्ट काही वर्षे हे पाहत राहिला. मग सप्टेंबर १४३५ मध्ये त्याचा भाऊ आणि भागीदार विल्हेल्म वारला. मागे राहिले एक तान्हे मूल. आता सारी म्युनिकची शाखा आल्ब्रेख्त या एकाच तरुण माणसावर टेकली होती, आणि त्या माणसाला हमामवाल्याच्या मुलीपासून झालेल्या मुलांना कोणताही चुलता, कोणताही सम्राट वारस मानणार नव्हता. शाखा बुडाली की मुलूख लांड्सहूटच्या हाइनरिखच्या घशात.

महिनाभरात, १२ ऑक्टोबर १४३५ रोजी, आल्ब्रेख्त शिकारीला बाहेरगावी गेला असताना एर्न्स्टने आग्नेसला पकडायला लावले आणि श्ट्राउबिंगच्या पुलावरून डॅन्यूब नदीत बुडवून मारले. ती पोहत काठाला लागू पाहत होती, तेव्हा मारेकऱ्याने काठीला तिचे केस गुंडाळून तिला पाण्याखाली दाबून धरले, असे जुन्या बखरीत आहे. आल्ब्रेख्त संतापून वैऱ्यांकडे गेला, काही आठवडे बापलेकांत युद्ध होणार असे वाटत होते. नंतर समेट झाला. एर्न्स्टने सेंट पीटरच्या दफनभूमीत तिच्यासाठी लहानसे चॅपेल बांधले; तिथे तिची प्रतिमा कोरलेली शिळा आजही आहे. पुढच्या वर्षी आल्ब्रेख्तचे लग्न ब्राउन्श्वाइगच्या ॲनाशी ठरले. त्यांना दहा मुले झाली.

एर्न्स्टला माफ करावे असे मला वाटत नाही. हा खून होता, आणि ज्याला राज्यकारणाची गरज म्हणतात तिच्या नावावर केलेला खून होता. पण वारसाहक्काचा नियम पक्का नसला की त्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हे आग्नेसच्या मरणाइतके स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही. नाटककार हेबेलने एकोणिसाव्या शतकात आणि संगीतकार कार्ल ऑर्फने विसाव्या शतकात तिला रंगमंचावर आणले. श्ट्राउबिंगमध्ये दर चार वर्षांनी तिची कथा खेळली जाते.

वारस हवा म्हणून हा खून झाला, आणि त्या दहा मुलांमुळे म्युनिकला आता वारस उदंड झाले. पाच मुलगे मोठे झाले. बापाची इच्छा होती की एका वेळी दोघा थोरल्यांनीच मिळून राज्य करावे. थोरला योहान प्लेगने गेला. दुसरा सिगमुंड शांत माणूस, १४६७ मध्ये कारभार सोडून आपल्या वाड्यांत, चित्रांत, चॅपेलांत रमला. तिसरा बापाच्याच नावाचा आल्ब्रेख्त, सुरुवातीच्या तीन दावेदारांतला म्युनिकचा ड्यूक. चर्चमध्ये पाठवायचा म्हणून त्याला इटलीतल्या पावियाला शिकायला धाडले होते. तो कायदा, लॅटिन आणि थंड डोके घेऊन परतला आणि राज्यात भागीदार झाला. पुढे त्याला ‘शहाणा’ म्हणू लागले. चौथा क्रिस्टोफ मात्र अंगापिंडाने दणकट, गर्दीचा लाडका. म्युनिकच्या राजवाड्यात आजही साखळीने बांधलेला एक काळा दगड दाखवतात. ३६४ पौंडांचा हा दगड क्रिस्टोफने उचलून फेकला, असे त्यावरचा लेख सांगतो.

क्रिस्टोफला आपला वाटा हवा होता. १४७१ मध्ये तो न्हाणीघरात, उघडा, नि:शस्त्र असताना आल्ब्रेख्तने त्याला पकडवले आणि दीड वर्षाहून जास्त काळ कोठडीत ठेवले. पकडणाऱ्यांचा म्होरक्या होता आबेन्सबेर्गचा काउंट निक्लास. क्रिस्टोफने हे मनात ठेवले, आणि १४८५ मध्ये फ्रायझिंगजवळ निक्लासला गाठून मारले. निक्लास त्याच्या घराण्याचा शेवटचा पुरुष. त्याचा मुलूख आल्ब्रेख्तकडे आला. भावाचा सूड भावालाच फळला. क्रिस्टोफ पुढे जेरूसलेमच्या यात्रेला गेला आणि परतताना १४९३ मध्ये ऱ्होड्स बेटावर वारला.

तिकडे लांड्सहूटमध्ये याच सुमारास वैभवाचा कळस होता. १४७५ च्या नोव्हेंबरात गेओर्गचे लग्न पोलंडची राजकन्या हेडविग हिच्याशी झाले. सम्राट फ्रीडरिख तिसरा स्वतः आला होता. गावच्या खाणावळींना पाहुण्यांकडून पैसे घ्यायला मनाई होती, सारे ड्यूकच्या खात्यावर. हिशेबाची वही शिल्लक आहे: ३२३ बैल, ११,५०० हंस, ४०,००० कोंबड्या आणि १,९४,३४५ अंडी. आज दर चार वर्षांनी लांड्सहूटचे लोक हे लग्न पुन्हा लावतात, शेकडो नागरिक जुन्या वेषात मिरवतात. तो सोहळा पाहणाऱ्या प्रवाशाने एवढे लक्षात ठेवावे की या संसाराला टिकणारा मुलगा झाला नाही, आणि त्यापायी तीस वर्षांत हाच मुलूख बेचिराख झाला.

गेओर्गला म्युनिकच्या चुलतभावाच्या, आल्ब्रेख्तच्या, घशात आपली दौलत घालायची नव्हती. म्हणून मृत्युपत्र. म्हणूनच १४९९ मध्ये एलिझाबेथचे लग्न त्याने फाल्ट्सच्या रुप्रेख्तशी लावले. रुप्रेख्त गेओर्गच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणजे मुलीचा आतेभाऊ. त्यासाठी त्याने फ्रायझिंगचे बिशपपद सोडले. गेओर्गच्या बाजूने पाहिले तर हिशेब बरोबर होता: जावई विटल्सबाखच, बाहेरचा नाही. आल्ब्रेख्तचा हिशेब मात्र त्याहून वरच्या पायरीवरचा होता. त्याची बायको कुनिगुंडे ही माक्सिमिलियानची बहीण.

गेओर्ग वारल्यावर लांड्सहूटच्या मुलुखातल्या सरदारांनी, मठांनी आणि शहरांनी काय केले, हे इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकले जाते. मला तेच या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी कोणाचीही बाजू घेतली नाही. आपल्यातलीच माणसे निवडून कारभारी मंडळ नेमले, राजाचा निवाडा येईपर्यंत राज्य सांभाळायचे ठरवले. त्यांची सभा अशी उभी राहू शकली, कारण तिच्यामागे दोनशे वर्षांची कमाई होती. १३११ मध्ये खालच्या बव्हेरियाचा ड्यूक ओटो हंगेरीच्या गादीपायी कर्जबाजारी झाला, तेव्हा त्याने एका वेळच्या कराच्या बदल्यात सरदार, धर्मसंस्था आणि शहरांना न्यायनिवाड्याचे हक्क लिहून दिले होते. ड्यूक भांडत, कर्ज काढत, मग हात पसरून सभेकडे येत. सभा पैसे देई आणि दर वेळी एखादा हक्क पदरात पाडून घेई. राज्य फुटत होते तशी ही सभा मात्र घट्ट होत गेली.

माक्सिमिलियानने १५०४ च्या सुरुवातीला दोन्ही पक्षांना आउग्सबुर्गला बोलावले. वाटणीचा तोडगा सुचवला, आणि पंचाच्या मेहनतान्यासारखा स्वतःसाठीही एक तुकडा बाजूला काढून ठेवला. रुप्रेख्तला तोडगा मान्य नव्हता. १७ एप्रिलला त्याने भाडोत्री शिपाई घालून लांड्सहूट आणि बुर्गहाउझेन काबीज केले. सभेचे कारभारी मंडळ एका दिवसात निकामी झाले. काही दिवसांतच माक्सिमिलियानने वारसा आल्ब्रेख्त आणि त्याचा धाकटा भाऊ वोल्फगांग यांना दिला आणि रुप्रेख्तला साम्राज्याच्या कायद्याबाहेर काढले. म्हणजे त्याला कोणीही लुटावे, मारावे.

मग सारे तुटून पडले. व्युर्टेंबेर्ग, हेसेन, न्यूरेंबर्ग शहर, श्वाबेनचा संघ. प्रत्येकाला फाल्ट्सचा एखादा लचका हवाच होता. रुप्रेख्तच्या बाजूला बोहेमियाचे पायदळ. लढाया थोड्या झाल्या, जाळपोळ फार. खालच्या बव्हेरियातली गावेच्या गावे दोन्ही बाजूंनी आलटून पालटून जाळली. लांड्सहूटच्या वेढ्यात न्यूरेंबर्गच्या, म्हणजे आपल्याच पक्षाच्या, तोफेचा गोळा तरण्याबांड सरदार ग्योट्स फॉन बेर्लिखिंगेनला लागला आणि त्याचा उजवा हात गेला. त्याने लोखंडी हात बनवून घेतला, त्याच हाताने पुढची कित्येक दशके लढला. गोएथेचे नाटक याच ग्योट्सवर आहे आणि तो हात यागस्टहाउझेनच्या वाड्यात पाहायला मिळतो.

ऑगस्टमध्ये रुप्रेख्त हगवणीने गेला. एलिझाबेथ डगमगली नाही, तिने लढाई चालू ठेवली. १२ सप्टेंबरला रेगेन्सबुर्गजवळ वेन्झेनबाख इथे माक्सिमिलियानने बोहेमियनांचा मोड केला; राजा स्वतः घोड्यावरून खेचला जात होता, ब्राउन्श्वाइगच्या ड्यूक एरिखने त्याला वाचवले. तीन दिवसांनी एलिझाबेथही मरण पावली. वय सव्वीस. मागे दोन मुलगे, एक दोन वर्षांचा, दुसरा वर्षाचाही नाही.

ज्यांच्यासाठी लढायचे ते दोघे गेले, तरी युद्ध थांबले नाही. इन नदीकाठच्या कुफश्टाइन किल्ल्याचा किल्लेदार हान्स फॉन पिएन्झेनाउ आधी राजाच्या बाजूला होता, मग फाल्ट्सकडे फिरला. माक्सिमिलियानने तोफा लावल्या. हलक्या तोफांचे गोळे भिंतीवर आपटून नुसती धूळ उडवत, तर पिएन्झेनाउने तटावर माणसे पाठवून केरसुणीने ती धूळ झाडायला लावली, राजाच्या डोळ्यांदेखत. माक्सिमिलियानने ‘वेकआउफ’ आणि ‘पुर्लेपाउस’ या दोन अजस्र तोफा इन्सब्रुकहून नदीतून आणवल्या. त्यांच्यापुढे बारा फूट जाडीचा तट असो की वीस, टिकण्यासारखा नव्हता. ऑक्टोबरात किल्ला पडला. राजाने शपथ घेतली होती की कोणी दयेची भीक मागायला आला तर त्याच्या थोबाडीत मारीन. पिएन्झेनाउचे मुंडके उडाले, त्याच्या मागोमाग इतरांची रांग लागली. शेवटी एरिख पुढे झाला आणि उरलेल्यांसाठी बोलला. सांगतात की राजाने शपथ मोडू नये म्हणून त्याच्या गालावर हलकेच चापट मारली आणि बाकीच्यांना सोडले.

३० जुलै १५०५ रोजी कोलोनला माक्सिमिलियानने अंतिम निवाडा दिला. लांड्सहूटचा बहुतेक मुलूख आल्ब्रेख्तला. दोघा पोरक्या मुलांना वर्षाला २४,००० गुल्डेन उत्पन्न देईल एवढा प्रदेश. उत्पन्न मोजत मोजत इकडचे गाव, तिकडचे ठाणे असे जोडत तो बनवला, म्हणून नकाशावर तो फाटक्या गोधडीसारखा दिसतो. त्याची राजधानी डॅन्यूबकाठचे नॉयबुर्ग. न्यूरेंबर्गला आल्टडॉर्फ, लाउफ, हेर्सब्रुक. आणि पंचाने स्वतःकडे ठेवली कुफश्टाइन, किट्झब्यूल आणि राटेनबेर्ग ही ठाणी, चांदीच्या खाणींसकट. ती आजही टिरोलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रियात आहेत. तीन दावेदारांत सर्वांत स्वस्तात ज्याला मिळाले तो माक्सिमिलियान.

आल्ब्रेख्तने मात्र विजयानंतर जे केले, त्यामुळे त्याची ‘शहाणा’ ही पदवी मला मान्य आहे. ८ जुलै १५०६ रोजी त्याने भाऊ वोल्फगांग आणि दोन्ही बव्हेरियांच्या सभा यांच्या संमतीने कायदा केला: यापुढे बव्हेरिया एकच, तो थोरल्या मुलाचा. धाकट्यांना काउंटची पदवी आणि वर्षाला ४,००० गुल्डेन. ड्यूक म्हणवून घेता येणार नाही. आन्सबाखच्या त्या आल्ब्रेख्त आखिलेसने १४७३ मध्येच ब्रांडेनबुर्गचा मुख्य मुलूख अखंड ठेवायची तजवीज केली होती. सॅक्सनीत मात्र १४८५ मध्ये दोघा भावांनी वाटणी केली आणि ती कायमची ठरली. बव्हेरियाने यातला पहिला रस्ता धरला. भावाला न्हाणीघरात पकडणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले, यात मला विसंगती दिसत नाही. भाऊ वाट्यासाठी काय करू शकतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण तो एकटा हे करू शकला नसता. सभेने साथ दिली, कारण प्रत्येक वाटणीनंतरचा प्रत्येक दरबार, प्रत्येक कर्ज आणि प्रत्येक युद्ध तिच्याच खिशातून गेले होते.

कायद्याची परीक्षा लगेच झाली. १५०८ मध्ये आल्ब्रेख्त वारला. थोरला विल्हेल्म चौदा वर्षांचा. तो कर्ता झाल्यावर धाकटा लुडविग म्हणाला, मी १४९५ मध्ये जन्मलो, कायदा १५०६ चा. जन्मतः मिळालेला हक्क नंतरच्या कायद्याने जात नाही. युक्तिवाद कच्चा नव्हता. आई कुनिगुंडे नवरा गेल्यापासून म्युनिकच्या मठात राहत होती. तिने धाकट्याची बाजू उचलली. सभाही विल्हेल्मच्या एकहाती कारभाराला वचकून होती, तीही लुडविगकडे झुकली. १५१४ पासून दोन वर्षे घोळ चालला. शेवटी भावांनी समेट केला: लुडविगने लांड्सहूट आणि श्ट्राउबिंगकडचा, सुमारे तिसऱ्या हिश्शाचा कारभार पाहावा, पण राज्य एकच, दोघेही त्याचे ड्यूक. भावांत काडी घातल्याचा ठपका दरबारातला मातब्बर हिएरोनिमुस फॉन श्टाउफ याच्यावर आला आणि ८ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाटच्या बाजारात त्याचा शिरच्छेद झाला. दोष फक्त त्याचा होता, यावर माझा विश्वास बसत नाही. दोघा भावांना पुन्हा एका मेजावर बसवायचे तर तिसऱ्या कोणाला तरी दोषी ठरवणे सोयीचे होते.

त्याच शहरात, पंधरा दिवसांनी, २३ एप्रिलला दोघा ड्यूकांनी मिळून साऱ्या बव्हेरियासाठी एक हुकूम काढला. त्यात बिअरचा भाव बांधून दिला होता, आणि बिअरमध्ये सातू, हॉप्सची फुले आणि पाणी याखेरीज काही घालू नये असे फर्मावले होते. आज जर्मन बाटल्यांवर ‘१५१६’ हा आकडा अभिमानाने छापतात, तो या हुकमाचा. त्याआधी म्युनिक आणि लांड्सहूटचे बिअरचे नियम वेगवेगळे होते. एका बव्हेरियाचा एक कायदा लोकांच्या पेल्यापर्यंत पोचला तो इथे.

नॉयबुर्गच्या पोरक्या मुलांचे काय झाले? थोरला ओट्टहाइनरिख पुढे फाल्ट्सचा इलेक्टर झाला. हायडेलबर्गच्या किल्ल्यातली त्याच्या नावाची देखणी इमारत पर्यटक आजही पाहतात. धाकट्या फिलिपने १५२९ मध्ये तुर्कांच्या वेढ्यात व्हिएन्नाच्या बचावात भाग घेतला. लुडविगने लांड्सहूटमध्ये इटालियन धाटणीचा वाडा बांधला, पण लग्न केले नाही. तो १५४५ मध्ये गेला आणि त्याचा हिस्सा भावाकडे परत आला. त्यानंतर बव्हेरिया भावाभावांत पुन्हा कधी वाटला गेला नाही. १७७७ मध्ये ही शाखा निर्वंश झाली, तेव्हा पावियाच्या १३२९ च्या करारावर आणि त्याच्या नंतरच्या उजळण्यांवर बोट ठेवून फाल्ट्सचा कार्ल थिओडोर म्युनिकच्या गादीवर आला. ऑस्ट्रियाने हरकत घेतली, १७७८ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाची सैन्ये एकमेकांसमोर उभी ठाकली, आणि १७७९ च्या तहात इन नदीपलीकडचा पट्टा ऑस्ट्रियाला मिळाला.